रविवारी फोन कुणी उचलला?

१

सोमवारी सकाळी ड्रॉवर उघडला तर आत चार्जर होता. फोन नव्हता.

हवालदारकाकांनी वाकून बघितलं. मग हात घालून कोपरे चाचपले, फोन जसा काही मांजराच्या पिल्लासारखा आत दडून बसलाय.

"काका, कुलूप होतं ना?"

"आत्ता तुझ्यादेखत उघडलं की! का डोळे मिटून उभा होतास?"

कुलूप धड, ड्रॉवर धड, खिडक्या बंद. आणि फोन गायब. तोही कसला, तर बटणांचा जुना फोन. भंगारवाला पण तोंड वाकडं करेल.

पण आमचं सगळं केंद्र त्या एका फोनवर उभं आहे. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, एवढंच केंद्र. चोर पकडायला पोलीस आहेत, शिक्षा द्यायला कोर्ट आहे. पण ज्याच्या घरी चोरी झाली त्याला त्या घरात परत झोप कशी लागायची, हे कुणाचंच काम नसतं. ते आमचं. दाराचं कुलूप बदलून द्यायचं, कोर्टात शेजारी बसायचं, आणि फोनवर ऐकून घ्यायचं. याला सरकार अनुदान देतं. भाडं, कुलपं, समुपदेशक मॅडमचं मानधन, फोन, सगळं त्यातून.

मी इथे कसा आलो ते सांगतो. माझ्या आईला रस्त्यात ढकलून कुणीतरी पर्स पळवली. हात बरा झाला, पण आई घराबाहेर पडेना. दाराशी जायची आणि परत फिरायची. तेव्हा या फोनवरून ताई तिच्याशी रोज बोलायच्या. मग एक दिवस स्वतः आल्या आणि तिला हाताला धरून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं. आई परत बाजारात जायला लागली तेव्हा मी आभार मानायला केंद्रात आलो. ताई म्हणाल्या, "आभार राहू दे. टायपिंग येतं का?" मोडकंतोडकं येत होतं. तेव्हापासून इथेच आहे.

ताई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. त्या जिना चढून आल्या, आमचे चेहरे बघितले आणि पिशवी हातातच राहिली.

"कोण गेलं?"

"फोन," काका म्हणाले.

ताई खुर्चीवर बसल्या. दुपारी अनुदानवाले साहेब तपासणीच्या दुसऱ्या फेरीला येणार होते, पहिली शुक्रवारी झाली होती. अनुदानातून घेतलेली प्रत्येक वस्तू जागेवर आहे का ते बघणार आणि पुढच्या वर्षाची शिफारस करणार, नाहीतर नाही करणार. आणि अनुदानाची एक अट भिंतीवरच लावलेली आहे: फोन केंद्राबाहेर जाता कामा नये. फोन नाही तर शिफारस नाही. शिफारस नाही तर पुढच्या महिन्यापासून केंद्राला टाळं.

ताईंनी स्वतःच्या मोबाईलवरून केंद्राचा नंबर लावला. कानाला धरून बसल्या. हळूहळू भुवया वर गेल्या.

"काय झालं ताई? बंद आहे?"

"बंद कुठला! व्यस्त लागतोय." त्यांनी आमच्याकडे बघितलं. "आपल्या फोनवर आत्ता कुणीतरी बोलतंय."

२

आम्ही परत नंबर लावणार, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. बाहीवर मैद्याचे डाग, हातात पावांची पिशवी.

"मी कोपऱ्यावरच्या बेकरीत असते. ते काल फोनवर बोलले ते कुठायत? मला त्यांचे आभार मानायचेत."

"काल?" मी विचारलं. "काल रविवार होता."

"हो की. रविवारीच माझं घर फुटलं."

आमची लाईन शनिवार-रविवार बंद असते. अनुदान फक्त कामाच्या दिवसांचं. शुक्रवारी संध्याकाळी फोन बंद होऊन ड्रॉवरमध्ये जातो तो सोमवारीच बाहेर येतो. ताई दरवर्षी रविवारची लाईन मागतात आणि दरवर्षी उत्तर येतं, मागणी सिद्ध होत नाही. बंद फोनवर कुणी नंबर लावून बघितला हे सिद्ध कसं करणार!

ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. "काय बोलणं झालं ते नका सांगू. ते तुमच्यापाशी राहू दे. फक्त बोलत कोण होतं?"

"पुरुष होते. आवाज बारीक, जरा कोरडा. तोंडात काहीतरी चघळत होते बहुतेक. मी नुसती रडत होते. ते म्हणाले, घाई नाही, क्रमाने सांगा. आधी दार, मग कपाट. एकेक सांगत गेले तसं रडणं थांबलं बघा." बाईचे डोळे भरून आले. "मी म्हटलं, तुमचा लई वेळ घेतला, ठेवा आता. तर म्हणाले, मला ठेवता येत नाही, तुम्ही ठेवा. असं तीनदा झालं!"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

हा आमचा नियम आहे. फोन करणाऱ्याने ठेवायचा, आपण कधीच नाही. ज्याच्यावर एकदा दार आपटलंय त्याच्यावर आपण परत आपटायचं नाही, असं ताई म्हणतात. हा नियम भिंतीवर नाही. फक्त आम्हाला माहीत आहे.

म्हणजे चोर आमच्यातलाच होता.

आणि आमच्यात तोंडात कायम लवंग ठेवणारा, 'क्रमाने सांगा' म्हणणारा पुरुष एकच होता. पोलिसांत सगळी नोकरी जबाब लिहिण्यात गेलेला. मी मान वळवली. हवालदारकाका खिडकीतून बाहेर बघत होते.

३

"काय रे गुप्तहेरा?" काकांना मागे डोळे असावेत. "माझ्या पाठीला भोकं पाडतोस का?"

मी रहस्यकथा वाचतो म्हणून काका मला गुप्तहेर म्हणतात. एरवी हसतो. आज हसू आलं नाही.

"काका, काल कुठे होतात?"

"घरी. नातीच्या सायकलची चेन बसवत होतो. बसली नाही. आणखी काही?"

"ड्रॉवरची किल्ली तुमच्याकडे असते."

"असते. आणि मी रोज ड्रॉवरला कुलूप लावतो. आत काय आहे ते मी बघत नाही, कारण फोन आत ठेवायचं काम मॅडमचं. हाही गुन्हा असेल तर घाल बेड्या!"

हे ते एवढ्या जोरात बोलले की खालून सायकलवाल्याने हाक मारली, "काय झालं वर?"

आणि माझी ट्यूब पेटली. काकांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ते फोनवर ओरडूनच बोलतात. बेकरीवाली बाई तर म्हणाली बारीक आवाज.

"काका, तुम्ही फोनवर हळू बोलून दाखवा."

"मी फोनवर बोललो तर पलीकडच्याला फोनची गरजच पडत नाही," काका म्हणाले. "हे तुझ्या आत्ता ध्यानात आलं का?"

बेकरीवाली बाई पण डोळे पुसता पुसता हसली. "नाही हो, हे नव्हेत."

तेवढ्यात मॅडम आल्या. आमच्या समुपदेशक. माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, पण सगळे मॅडम म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती आणि शुक्रवारी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हा फोन एकदाचा बंद पडला तर मी मोकळी होईन." मी ते विसरलो नव्हतो.

"मॅडम, शुक्रवारी फोन ड्रॉवरमध्ये तुम्ही ठेवलात?"

मॅडमनी आधी माझ्याकडे, मग उघड्या ड्रॉवरकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला.

"मी ठेवलाच नाही. मी दुपारीच त्या मुलीला घेऊन कोर्टात गेले ना. तिकडूनच घरी. फोन टेबलावर होता, साहेबांच्या समोर. मला वाटलं, जो बंद करेल तो ठेवेल."

"आणि मला वाटलं, तू ठेवलास," काका म्हणाले.

म्हणजे कुलूप रिकाम्या ड्रॉवरला लागलं होतं! सगळा शनिवार-रविवार आम्ही एका चार्जरची राखण केली.

"मी रागात बोलले होते," मॅडम हळूच म्हणाल्या. "मला मोकळं व्हायचंय ते दमल्यामुळे. फोन बंद पडावा असं मला कसं वाटेल?"

ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी परत नंबर लावला. व्यस्त.

४

मी जिन्यात जाऊन बसलो. आमच्याकडे फोनवरचं बोलणं खोलीत करायचं नाही, जिन्यात यायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कानावर पडत नाही. विचार करायलाही तीच जागा बरी.

चोराने चार्जर नेला नाही. मुळात ड्रॉवर उघडलाच नाही. म्हणजे त्याने काही ठरवलेलं नव्हतं. फोन टेबलावरून गेला, शुक्रवारी दुपारी.

शुक्रवारी दुपारी काय झालं होतं? साहेब तपासणीला आले होते. ताईंनी चहा विचारला तर "मी कार्यालयीन भेटीत काही घेत नाही" म्हणून खिशातली खोकल्याची गोळी तोंडात टाकली. मग "क्रमाने जाऊ" म्हणत एकेक वस्तू बघायला लागले. काका कुणाच्या तरी दाराचं कुलूप बसवायला गेले होते. ताई एका बाईला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. साहेबांना कागदांच्या प्रती हव्या होत्या म्हणून मी झेरॉक्सला. परत आलो तर खुर्ची रिकामी. फाईल तशीच. पेन उघडं, टोपण बाजूला.

ताईंना वाटलं, साहेब चिडून गेले. दोन दिवस त्या हेच घोकत होत्या की आपलं काय चुकलं.

पण पेनाला टोपण न लावता उठणारा तो माणूस नव्हता. कागदाची घडीसुद्धा नखाने ओढून नीट करणारा माणूस!

मी खाली उतरलो. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता.

"दादा, शुक्रवारी साहेब जाताना दिसले का?"

"दिसले की. फोनवर बोलत बोलत गेले. मोठ्या लोकांचं असतंच. एक फोन कानाला आणि दुसरा खिशात केकाटतोय. मी म्हटलं, अहो साहेब, तुमचा खिशातला वाजतोय! तर हातानेच गप्प बस म्हणाले."

"खिशातला वेगळा?"

"हो. कानाला एक डबडं होतं, बटणांचं. मी म्हटलं, एवढा साहेब आणि फोन बघ कसला!"

मी तीन तीन पायऱ्या गाळत वर पळालो.

५

"साहेबांनी नेलाय," मी म्हणालो.

"वेड लागलं का तुला?" ताई ओरडल्या.

"ऐका तरी. फोन न ठेवायचा नियम फक्त आपल्याला माहीत आहे असं आपण धरून चाललो. पण ताई, शुक्रवारी तुम्ही साहेबांना काय सांगत होतात?"

ताई आठवायला लागल्या. "फोन कसा चालतो ते. बोलायला जिन्यात जायचं. आणि..." त्या थांबल्या. "आणि आपण कधी ठेवायचा नाही."

"मग तुम्ही आत गेलात. मॅडम कोर्टात, काका कुलपाला, मी झेरॉक्सला. फोन वाजला. उचलणारं कुणी नाही. साहेबांनी उचलला. बोलायला जिन्यात गेले, कारण तसा नियम आहे. समोरच्याने फोन ठेवला नाही म्हणून त्यांनीही ठेवला नाही, कारण तोही नियम आहे. ते जिना उतरले, रस्त्याला लागले, चालत राहिले. मागे आपण रिकाम्या ड्रॉवरला कुलूप लावून घरी गेलो. दुसऱ्या कुणी 'नंतर करा' म्हणून फोन ठेवला असता, ताई. पण साहेबांना नियम सांगितल्यावर ते कसे मोडतील?"

काका खुर्चीत टेकले. "आयला," एवढंच म्हणाले.

"पण मग परत का नाही आणून दिला?" मॅडमनी विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच जिन्यातून आवाज आला. बारीक, कोरडा.

"हो. बरोबर. आता दुसरी गोष्ट सांगा. नाही, मी कुठे जात नाही."

बेकरीवाली बाई ताडकन उठली. "हाच! हाच तो आवाज!"

कुणी हललं नाही. साहेब दाराबाहेर शेवटच्या पायरीवर उभे होते. पलीकडचं माणूस बोलत होतं, ते ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुम्ही ठेवा." मग फोन कानावरून काढला, आत आले आणि टेबलावर ठेवला.

"हा फोन तुमचा आहे," साहेब म्हणाले. डोळे लाल होते. शर्टाची इस्त्री मोडलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

६

"शुक्रवारी मी उचलला तेव्हा पलीकडून विचारलं, कुणी आहे का? मी म्हटलं, आहे," साहेब सांगायला लागले. "आता आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? बोलणं संपलं तेव्हा मी घरापाशी होतो. शनिवारी इथे आलो, तर कुलूप. तुमचा नंबर फाईलमध्ये, फाईल इथे. फोन बंद करून ठेवावा म्हणून बटणावर बोट ठेवलं आणि तो वाजला."

"मग वाजतच राहिला असेल," ताई म्हणाल्या.

"वाजतच राहिला. बायको म्हणाली, आयुष्यभर माझं बोलणं अर्धवट सोडून उठलात, आता बाल्कनीत तासन्‌तास कुणाचं ऐकताय? चार्जर तिनेच शेजारून आणून दिला."

बेकरीवाली बाई पुढे झाली. "काल मी बोलले ना तुमच्याशी. तुम्ही नसता तर..." तिने पावांची पिशवी पुढे केली.

साहेब गोंधळले. "मी कार्यालयीन भेटीत काही..." म्हणाले आणि थांबले. मग दोन्ही हातांनी पिशवी घेतली.

ती गेल्यावर त्यांनी फाईल ओढली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "आता कामाचं. सोपा रस्ता असा. फोन ड्रॉवरमध्ये ठेवा. मी लिहितो, सर्व साहित्य जागेवर. शिफारस करतो. तुमचं अनुदान चालू राहील."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. काका म्हणाले, "झालं तर मग! चहा टाका."

ताई मात्र फोनकडे बघत होत्या.

"आणि शनिवार-रविवारी आलेले फोन?"

"ते आले नाहीत, असं होईल," साहेब म्हणाले.

"आले की. तुम्ही उचललेत."

"ते लिहिलं तर अट मोडली हेही लिहावं लागेल. मोडली मी, पण फोन तुमचा. माझ्यावर कारवाई होईलच. पण तुमचं अनुदानही थांबू शकतं. पूर्ण."

खाली सायकलच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी हातोडी मारत होतं.

"इतकी वर्षं मी मागतेय," ताई म्हणाल्या. "रविवारी कुणाला गरज नसते, असंच ऐकत आलेय. आता गरज असते हे बघितलेला सरकारी माणूस माझ्यासमोर बसलाय, आणि मी त्याला म्हणू, बघितलं नाही असं लिहा?" त्या आमच्याकडे वळल्या. "पण पोटं तुमची आहेत यात. बोला."

"मला दुसरी नोकरी आहे, माझं मत धरू नका," मॅडम म्हणाल्या. मग लगेच, "धरायचंच असेल तर खरं लिहा."

"मला पेन्शन आहे," काका म्हणाले. "आणि मी जन्मभर लोकांचे खरे जबाब लिहून घेतलेत. आता खोटा नको."

राहिलो मी. दुसरी नोकरी नाही, पेन्शन नाही. पण आमच्या घरात आई आज भाजी निवडत गाणं म्हणते ते कुणामुळे, हे मला माहीत होतं.

"साहेब, लिहा," मी म्हणालो. "टाईप मी करतो."

ते क्रमाने सांगत गेले, मी टाईप करत गेलो. आपण फोन कसा नेला, तो किती वेळा वाजला, लोक किती बोलले. कुणाचं नाव नाही, कुणाची हकीकत नाही. शेवटी, रविवारची लाईन तातडीने मंजूर करावी. खाली त्यांची सही.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना," साहेब म्हणाले.

७

नवं वर्ष लागलं आणि अनुदान खरंच अडकलं. मॅडमनी हॉस्पिटलला जायचं पुढे ढकललं आणि फुकट काम केलं. घरमालक भाड्याला थांबला. साहेबांवर ठपका आला, अनुदानाचं टेबल गेलं, त्यांना तळघरातल्या स्टेशनरी विभागात बसवलं. ताई त्यांना भेटायला गेल्या तर म्हणाले, "इथे शांतता आहे. कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून ऐकायची प्रॅक्टिस करतो."

मग एक दिवस मंजुरी आली. लाईन चालू, रविवारसकट. ताईंनी ओळ तीनदा वाचली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही कुणी दार वाजवलं नाही.

पहिल्या रविवारी साहेब आले. सरकारी कामाला नव्हे, आपल्या सुट्टीत, विनामूल्य. सदरा साधा, हातात डबा. त्याआधी ताईंकडून आठवडाभर शिकून घेतलं होतं. फोन समोर ठेवला आणि बसले.

फोन वाजला नाही. दुपार झाली, डबा खाल्ला. तरी वाजला नाही. काका नातीला घेऊन डोकावून गेले, "चालू आहे ना नक्की?" मी माझ्या मोबाईलवरून लावून बघितलं. चालू होता.

संध्याकाळी साहेबांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे एवढा सगळा घोळ झाला आणि बघा. जुन्या टेबलावर असतो तर मी लिहिलं असतं, मागणी नाही, लाईन बंद करा."

ताई खिडकी लावत होत्या. त्या वळल्या. "साहेब, आज या गावात कुणाचं दार फुटलं नाही. कुणाला कुणी मारलं नाही. निदान आपल्याला सांगण्याइतकं तरी नाही. एवढा चांगला दिवस गेला आणि तुम्ही तोंड पाडून बसलाय?"

साहेब फोनकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांना ते पटलं असावं. ते हसले, आणि त्यांना हसताना बघून मलाही हसू फुटलं.

"मग आजच्या दिवसाचं काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा," साहेब म्हणाले, "लाईन चालू होती. माणूस हजर होता."